रूना आयनारसन आणि क्लबातला टीव्ही

रूना आयनारसनशी माझी ओळख भांडणातून झाली. पाइन नॅरोज या तळ्याकाठच्या लहानशा गावात येऊन मला महिनासुद्धा झाला नव्हता. गावातलं औषधांचं दुकान बरेच दिवस बंद होतं. ते मी चालवायला घेतलं म्हणून तिनं आपल्या 'नॅरोज बीकन' या साप्ताहिकात माझ्याविषयी चार ओळी छापल्या. त्यात माझं नाव चुकलं होतं आणि मी कुठून आले तेही चुकलं होतं. अंक हातात घेऊन मी तिच्या कचेरीत गेले. तिनं माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, "बसा. आता नीट सांगा. पुढच्या गुरुवारी परत छापते. एकदाच्या जागी दोनदा नाव येईल, दुकानाचा फायदाच आहे."

मी बसले. उठले तेव्हा दर आठवड्याला आरोग्यावर एक छोटं सदर लिहायचं कबूल करून बसले होते. ते सदर मी अजून लिहिते.

बीकन तिच्या वडिलांनी काढलेलं. ते तळ्यावर मासेमारी करणाऱ्या आइसलँडी लोकांपैकी. हिवाळ्यात बर्फाखाली जाळी टाकायची आणि उरलेल्या वेळात पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर अंक काढायचा, असं त्यांचं आयुष्य गेलं. रूनाच्या वेळेपर्यंत अंक संगणकावर जुळवून विनिपेगच्या छापखान्याकडे पाठवला जाऊ लागला होता, पण ते जुनं लोखंडी यंत्र कचेरीच्या कोपऱ्यात तसंच होतं. बातम्या, फोटो, जाहिराती, मृत्युलेख, बर्फ कधी फुटणार याचा अंदाज, सगळं रूना एकटी बघायची. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. गावातला एकही वाढदिवस, एकही सभा, एकही हॉकीचा सामना तिच्यावाचून झाला नाही.

चुका मात्र व्हायच्या. गावातली स्कूलबस चालवणारी डेल्फीन लावाले दर गुरुवारी दुपारी तिला फोन करून अंकातल्या चुका वाचून दाखवायची. लावाले हे आडनावच बीकनमध्ये इतक्या तऱ्हांनी छापून आलं होतं, की डेल्फीन म्हणायची, माझ्या घराण्याच्या किती शाखा आहेत ते मला बीकनमुळे कळलं. रूना सगळं लिहून घ्यायची, फोन ठेवायची आणि मला म्हणायची, "ही बाई नसती ना मृदू, तर माझा अंक कुणी शेवटपर्यंत वाचतं हे मला कळलंच नसतं."

एकदा ती दुकानात आली आणि दारातच थांबली. "तुझ्या दाराची चौकट वाकलीय का गं?" तिनं विचारलं. चौकट सरळ होती. मी तिला एक डोळा झाकून बघायला सांगितलं, मग दुसरा. काउंटरसमोरच्या फरशीच्या रेघा तिला मध्येच लाटेसारख्या वळलेल्या दिसत होत्या. मी तिला त्याच आठवड्यात विनिपेगला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला अपेक्षितच होतं. डोळ्यांच्या आतला पडदा मधोमध झिजत होता. कडेचं दिसत राहील, समोरचं जात राहील. इंजेक्शनं सुरू झाली, त्यांनी वेग कमी झाला, पण गेलेलं परत आलं नाही. रूना कुणाकडे बघताना मान किंचित वळवायला लागली, म्हणजे माणूस डोळ्याच्या कडेत यावा. नव्या लोकांना वाटायचं ही आपल्याशी बोलताना दाराकडे बघते. तिनं त्याचीही थट्टा केली. मला म्हणाली, "आता चेहरे जातात, कान राहतात. आपल्या मेयरचे कान बघण्यासारखे आहेत, इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं."

पण अंक जुळवणं ही थट्टेची गोष्ट नव्हती. संगणकाच्या छोट्या पडद्यावरचं ओळीतलं मधलं अक्षर नाहीसं व्हायचं. भिंग घेऊन ती पडद्याला नाक लावून बसायची, आणि संध्याकाळपर्यंत मान अशी आखडायची की मला मलम द्यावं लागायचं. गावात कुजबुज सुरू झाली की बीकन आता बंद पडणार. कुजबुज तिच्या कानावरही गेली.

त्याच सुमाराला गावातल्या हॉटेलाचा बिअर बार बंद झाला आणि मालकानं सामान वाटून टाकलं. सगळ्यांनी खुर्च्या नेल्या. रूनानं भिंतीवरचा मोठा सपाट टीव्ही मागितला. लोकांना वाटलं, बिचारी आता कामधाम सोडून मालिका बघत बसणार. तिनं तो टेबलावर, हाताच्या अंतरावर ठेवला, संगणकाची केबल त्याच्या पाठीत खुपसली आणि सुरू केला.

पहिले काही दिवस तिचा नुसता संताप झाला. टीव्हीला वाटायचं आपल्यावर सिनेमाच चाललाय. तो चित्र आपणहून जरा मोठं करायचा आणि चारी कडा कापून टाकायचा, त्यामुळे खालची बटणांची पट्टी पडद्याबाहेर जायची. अक्षरांना लाल-निळी झालर दिसायची. माउस धरलेला हात पुढे जायचा आणि पडद्यावरचा बाण मागून रेंगाळत यायचा. आणि ती दोन-चार तास एकाच पानावर राबली, की बघणारा झोपला असं समजून टीव्ही आपणहून बंद व्हायचा. कुणी मदत देऊ केली की ती नको म्हणायची. रिमोटवरचं एकेक बटण दाबत, काय बदललं ते बघत, तिनं एकेक गोष्ट सोडवली. चित्र मूळ आकारात ठेवायची सोय सापडली. केबलच्या जागेला टीव्हीच्या यादीत 'संगणक' असं नाव दिलं की अक्षरं स्वच्छ होतात हे कळलं. खेळ खेळणाऱ्यांसाठी ठेवलेली सोय चालू केली, तर बाण हाताबरोबर धावायला लागला. शेवटी तिनं काळ्या पडद्यावर पिवळी, वीतभर अक्षरं केली आणि मला बोलावलं.

"वाच," ती म्हणाली.

मी दारातूनच वाचलं. नगर परिषदेच्या पाणीपट्टीची बातमी होती.

"मीपण वाचू शकते," ती म्हणाली, आणि मान वळवून एकेक शब्द वाचून दाखवला. त्या दिवशी मला तिच्या कचेरीत पहिल्यांदाच बसून रडावंसं वाटलं. तिला ते आवडलं नसतं, म्हणून मी पाणीपट्टीविषयी बोलत राहिले.

त्यानंतर एक गंमत झाली. कचेरीची खिडकी रस्त्याकडे होती. अक्षरं एवढी मोठी, की बुधवारी दुपारी पोस्टाकडे जाणारे लोक फुटपाथवर थांबून उद्याचा अंक आजच वाचायला लागले. रूनानं जाडसर पडदा शिवून घेतला. पण डेल्फीननं तोवर एका लग्नाच्या बातमीतली चूक काचेवर टकटक करून दुरुस्त करून घेतली होती.

वणवा आला त्या जुलैत पाऊस पडलाच नव्हता. विजा मात्र पडल्या. आधी तळ्यापलीकडे धूर दिसत होता, मग वारा फिरला. दुपारी गाव रिकामं करायचा आदेश आला. आमच्याकडून बाहेर पडायला एकच रस्ता, आणि तोही कधी बंद होईल सांगता येत नव्हतं. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते निघाले. बाकीचे शाळेच्या बसमध्ये, आणि बस चालवायला डेल्फीन. माणशी एक बॅग, असं तिनं दारात उभं राहून सगळ्यांना सुनावलं होतं.

मी औषधांचं खोकं घेऊन चढले. रूना माझ्या शेजारी बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊन नारिंगी झालं होतं. बरंच पुढे गेल्यावर मी तिला विचारलं, काय घेतलंस. तिनं मांडीवरची पिशवी उघडून दाखवली. कपडे, डोळ्यांचे थेंब, कचेरीचा लॅपटॉप आणि टीव्हीला जोडायची केबल.

"केबल कशाला?" मी म्हटलं. "टीव्ही तर मागे राहिला."

"टीव्ही सगळीकडे असतात," ती म्हणाली. "केबल नसते."

आम्हाला दक्षिणेला ब्रॅनफील्डच्या कर्लिंग क्लबात नेलं. बर्फावर दगड सरकवायचा हा खेळ हिवाळ्यातला, त्यामुळे उन्हाळ्यात तिथली लांबलचक फरशी मोकळीच होती. तिच्यावर खाटा मांडल्या होत्या. तिथल्या युक्रेनी बायकांनी बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगींचे ट्रे आणले होते, चर्चवाल्यांनी ब्लँकेटं दिली होती. कशाची कमतरता नव्हती. नव्हती ती बातमी. फोन लागत नव्हते, लागले तर ज्याला लागले त्याला काही माहीत नव्हतं. पहिल्याच सकाळी दवाखाना जळाल्याचं कुणी सांगितलं, दुपारी तळ्यावरचा पूल पडल्याचं. एक म्हातारे गृहस्थ मागे सोडलेल्या कुत्र्यांचं काहीतरी ऐकून आले आणि ते ऐकून बायका रडत बसल्या. प्रत्येक बातमी खाटांच्या एका टोकाला जन्मायची आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दुप्पट व्हायची.

रूना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. त्याचा पडदा तिला आता नुसता उजेडाचा चौकोन दिसायचा. मी वाचून दाखवते म्हटलं. ती म्हणाली, "तू वाचशील, पण लिहू कशी? दुसऱ्याच्या डोळ्यांनी लिहिता येत नाही मला." मग ती उठली आणि हातानं भिंत चाचपत वरच्या मजल्यावर गेली. मी मागोमाग.

वर क्लबाची बैठकीची खोली होती. ट्रॉफ्यांचं कपाट, छोटा बार, आणि बारच्या वर भिंतीवर भलामोठा टीव्ही. त्यावर एक जुना सामना चालला होता आणि क्लबाचा बर्फवाला ओरेस्ट डुबिक एकटाच बघत होता. बर्फ तयार करणं हे त्याचं काम, आणि उन्हाळाभर त्याला करायला काही नव्हतं. रूनानं आपली ओळख सांगितली आणि काय हवं ते सांगितलं.

"टीव्हीला हात लावायचा नाही, बाई," ओरेस्ट म्हणाला. "तो समितीचा आहे."

"समितीत कोण कोण आहे?"

"मी आहे."

"आणखी?"

"माझी बायको. पण ती बैठकीला येत नाही."

"मग बैठक आत्ताच घेऊ या," रूना म्हणाली आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिनं त्याला आपल्या डोळ्यांचं सांगितलं, खाली चाललेल्या अफवांचं सांगितलं. भीक मागितल्यासारखं नाही, पाहुण्याशी गप्पा माराव्यात तसं. ओरेस्ट बराच वेळ सामना बघत राहिला. मग त्यानं शर्टाच्या खिशातून रिमोट काढला. त्याला धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी घातलेली होती.

"खाली उतरवून देतो," तो म्हणाला. "एवढ्या उंचावर तुम्हाला कसं दिसणार? पण खरचटला तर बघा."

टीव्ही टेबलावर आला, केबल जोडली गेली, आणि पडद्यावर रूनाचं पान उमटलं. चारी बाजूंनी कापलेलं.

"बिघडवलात," ओरेस्ट म्हणाला.

"बिघडला नाही, सिनेमा समजतोय," रूना म्हणाली. हा टीव्ही दुसऱ्या कंपनीचा होता, त्याची यादी तिला पाठ नव्हती, आणि यादीतली अक्षरं तिला दिसण्यासारखी नव्हती. म्हणून ओरेस्ट चष्मा लावून एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेला आणि ती "पुढे, पुढे, हां, ते दाब" म्हणत गेली. कडा जागेवर आल्या. झालर गेली. ओरेस्टनं मागे सरकून पडद्याकडे पाहिलं. "माझ्या घरी बायको संगणकावर डोळे फोडत बसते," तो म्हणाला. "हे कुणी सांगितलं नाही आम्हाला." तेव्हापासून तो तिला बाई म्हणायचा बंद झाला आणि ती त्याला अहो-जाहो करायला लागली.

रूनानं पहिली ओळ लिहिली तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. दुसऱ्या परिच्छेदाला दारात माणसं उभी होती. जेवणाच्या वेळेपर्यंत बसायला जागा उरली नव्हती. अख्खं गाव तिच्या पाठीमागे बसून ती लिहील ते अक्षर वाचत होतं. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. रूनाला उलट जोर आला. ती पडद्यावरच प्रश्न लिहायची: पुलाजवळ राहणारं कुणी आहे का? मागून दोन आवाज यायचे. आमच्या गावचा कॉलिन बीअर्डी आग विझवणाऱ्या पथकाचा प्रमुख होता. त्याचा फोन कधीतरी लागायचा, तेव्हा ती सगळ्यांना ऐकू येईल असा लावायची आणि तो सांगेल ते सगळ्यांसमोर टाइप करायची. पूल उभा होता. दवाखान्यात धूर शिरला होता, आग लागली नव्हती. कुत्र्यांना पथकाची माणसं खायला घालत होती. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय तिनं एक ओळ पक्की केली नाही. कुणी ऐकीव सांगायला लागलं की ती हात थांबवून विचारायची, "तू पाहिलंस का?"

"रूना, तिसऱ्या ओळीत 'सुरक्षित' चुकलंय," मागच्या रांगेतून डेल्फीन म्हणाली.

"काय झालंय त्याचं?"

"'सुरक्त' झालंय. लोक घाबरतील."

सगळी खोली हसली. वणवा लागल्यापासून ते पहिलं हसू असेल. रूनानं दुरुस्ती केली आणि डेल्फीनला पुढे येऊन बसायला सांगितलं. "एवढं दुरून ओरडत जाऊ नकोस," ती म्हणाली, "गुरुवारपर्यंत घसा बसेल." चर्चच्या झेरॉक्स यंत्रावर त्या पानाच्या प्रती निघाल्या आणि आमच्या गावची माणसं जिथं जिथं उतरली होती तिथं वाटल्या गेल्या. रोज एक पान. वर 'नॅरोज बीकन', खाली तारीख. अफवा पुरत्या थांबल्या असं नाही, पण आता कुणी काही सांगितलं की दुसरा म्हणायचा, बीकनमध्ये कुठं आलंय?

मग एका सकाळी कॉलिनचा फोन आला. रूनानं नेहमीप्रमाणे सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. तो म्हणाला, "रूना, हा फोन जरा तुझ्या कानाला लाव." तिनं लावला. आम्हाला तिचं "हो" आणि "समजलं" एवढंच ऐकू आलं. तो काय म्हणाला ते मला नंतर कळलं. आग गावात शिरली होती. ती आता पुढे गेली होती आणि पथकानं गल्लीगल्लीतून फिरून प्रत्येक घराचे फोटो काढले होते. नगर परिषदेच्या कचेरीत सांगायला माणूस नव्हता, मेयर स्वतः दुसऱ्या गावी एका शाळेत खाटेवर होता. त्याच्याशी बोलून कॉलिन फोटो रूनाकडे पाठवत होता. कुणाला कसं सांगायचं ते तू बघ, असं तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे टीव्हीतली केबल उपसली. पडदा काळा झाला.

रूना उठून लोकांकडे वळली. तिला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "गावात घरं गेलीयेत. किती आणि कुणाची ते मला माहीत नाही, मी अजून बघितलेलं नाही. फोटो आलेत. पण ते इथं सगळ्यांसमोर उघडायचे नाहीत. ज्याचं घर त्यानं पहिल्यांदा बघायचं. मी तुमच्याशेजारी बसेन. ज्याला आज बघायचं नाही त्यानं उद्या बघावं, कधीच नको असेल तर तेही चालेल."

ट्रॉफ्यांच्या कपाटामागे एक लहान खोली होती, कर्लिंगमध्ये बर्फ घासायचे झाडू ठेवायची. ओरेस्टनं ती स्वतः रिकामी केली, टीव्ही उचलून आत नेला, दोन खुर्च्या मांडल्या आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसला. कुणाला मध्येच आत जाऊ दिलं नाही. रूनाला माझी मदत फक्त फोटोंची नावं वाचण्यापुरती लागली. ती म्हणाली, तू कोपऱ्यात थांब, बोलू नकोस.

घरामागून घर लोक आले. काहींची घरं होती तशी उभी होती. ते सुटकेचा निःश्वास टाकायचे आणि मग लाजल्यासारखे पटकन बाहेर जायचे. काहींची नव्हती. रूना फोटो उघडायच्या आधी प्रत्येकाला विचारायची, तयार आहात का. उघडल्यावर ती स्वतः काही सांगायची नाही. मोठ्या पडद्यामुळे तिलाही कडेनं पुरेसं दिसायचं: चिमणी उभी आहे, जिना आहे, छप्पर नाही. पण ज्याचं घर त्याला ती पहिल्यांदा बोलू द्यायची. कुणी म्हणालं मोठं कर, तर मोठं करायची. कुणी डोळे झाकले तर फोटो बंद करून त्याच्या हातावर आपला हात ठेवून बसायची. एका म्हाताऱ्यानं फक्त अंगणातलं पंपाचं हँडल बघायला मागितलं. ते शाबूत होतं. तो बराच वेळ बघत बसला आणि उठून गेला.

डेल्फीन आली तेव्हा दुपार कलत होती. ती मुद्दामच मागे राहिली होती, बसमधून आणलेल्या सगळ्यांचं झाल्यावर. खुर्चीत बसून म्हणाली, "चल, उघड."

विलो रोडचा फोटो होता. काळ्या जमिनीवर झोपाळ्याची लोखंडी चौकट आणि एक बाथटब, बस एवढंच.

"तो माझा बाथटब आहे," डेल्फीन म्हणाली. "किती लहान दिसतोय."

रूनाचा हात फोटो बंद करायला पुढे गेला.

"थांब, बंद करू नकोस. बघू दे." तिनं खुर्ची पुढे ओढली. मग पडद्यावर बोट ठेवून इथं स्वयंपाकघर, इथं आईची खोली, इथं जिना, असं ती दाखवत गेली. रूना मान वळवून तिच्या बोटाच्या मागे मागे बघत गेली, जणू भिंती खरंच होत्या. सगळं घर फिरून झाल्यावर डेल्फीननं डोळे पुसले. "आज काय लिहिणार आहेस?"

"तू सांगशील ते."

"लिही, विलो रोड, लावाले कुटुंब. घर गेलं. माणसं सगळी आहेत." ती थांबली. "आणि आडनाव नीट लिही."

रूनानं तिच्यासमोरच लिहिलं, अक्षर अक्षर विचारून. बरोबर आहे का, असं विचारलं. डेल्फीननं वाचलं आणि म्हणाली, आहे.

शेवटी मुख्य रस्ता राहिला. माझं दुकान उभं होतं. काच फुटली होती, पाटी वितळली होती, पण उभं होतं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही, कारण त्याच फोटोच्या दुसऱ्या बाजूला बीकनची कचेरी होती आणि तिथं राखेशिवाय फारसं काही नव्हतं. मी ओठ आवळून बसले होते, तिनं सांगितल्याप्रमाणे.

रूनानं पडद्याकडे आधी एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या. खुर्ची इतकी पुढे घेतली की तिचा श्वास काचेवर उमटला.

"कोपऱ्यात ते काळं काय आहे?" तिनं विचारलं.

"यंत्र आहे. वडिलांचं."

"उभं आहे?"

"उभं आहे."

तिनं खुर्ची मागे घेतली. मग म्हणाली, "वडील असते तर म्हणाले असते, लोखंड आहे, उभं राहायचंच." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुझं दुकान?"

"आहे."

"बरं झालं. लोकांना गोळ्या लागतील." आणि तिनं बाहेर ओरेस्टला हाक मारून विचारलं, अजून कुणी राहिलंय का.

त्या संध्याकाळचं पान मी जपून ठेवलेलं नाही, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. गल्लीवार घरं होती. ज्यांनी नाव छापायला होकार दिला त्यांची नावं, ज्यांनी नाही दिला त्यांची नाहीत. सगळ्यात खाली, इतरांच्या ओळीसारखीच एक ओळ: मुख्य रस्ता, बीकनची कचेरी, गेली.

आम्ही परत आलो तेव्हा थंडीची चाहूल लागली होती. बीकन माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आलं, औषधांच्या खोक्यांच्या शेजारी. मदतीच्या सामानात टीव्हीही बरेच आले होते, पण ते टांगायला लोकांकडे भिंती नव्हत्या. रूनानं एकेक सुरू करून, नाक लावून तपासला आणि सगळ्यात मोठा उचलला. ओरेस्ट हिवाळ्यात एकदा बायकोला घेऊन भेटायला आला. त्यानं सांगितलं की घरी त्यानंही तसंच जोडलंय, आणि आता समितीच्या बैठकांचं इतिवृत्त बायको लिहिते, त्यामुळे तिला बैठकीला यावंच लागतं.

रूनाचे डोळे सुधारले नाहीत. आता पडद्यावर एका वेळी सहा-सात शब्दच मावतात, एवढं अक्षर मोठं करावं लागतं. त्यामुळे तिची वाक्यं आखूड झाली आहेत. गावातल्या काही जाणत्या लोकांचं म्हणणं आहे की बीकन पूर्वीपेक्षा चांगलं लिहिलं जातं. मलाही तसं वाटतं, पण मी तिला सांगितलेलं नाही. मला दिवसातून पाच-सहा वेळा आतून हाक येते, हे कसलं औषध, त्याचं नाव कसं लिहितात. माझ्या दुकानात शिरणाऱ्या माणसाला गोळ्यांच्या आधी बातमी मिळते.

मागच्या आठवड्यात विलो रोडवर पहिल्या नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या. रूना काठी टेकत तिथं गेली. कामगारांशी बोलली, ताज्या लाकडावरून हात फिरवला, फोटो काढले. दुपारी मागच्या खोलीत ती ते मोठे करून बघत होती आणि मी काउंटरवर गिऱ्हाइकं बघत होते. तिनं आतून विचारलं, "मृदू, या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत गं? तळ्याकडे की रस्त्याकडे?"

मी आत जाऊन बघितलं आणि सांगितलं, तळ्याकडे.

"मग ते लिहायला हवं," ती म्हणाली, आणि टाइप करायला लागली.